मी बंद केलेली सतरा नावं

भाई,

तुझ्या दुकानाची चावी पंधरा दिवस माझ्या पर्समध्ये होती, आणि पंधराही दिवस मी पर्समध्ये हात घालताना तिला चुकवत होते. पेन काढायचं, तिकिटासाठी सुट्टे काढायचे, डायरी काढायची, आणि बोटांना ती थंड चावी लागली की हात झटकन मागे घ्यायचे. मालवणच्या शाळेतून कट्ट्याला, आपल्या गावी, येताना बाजारात उतरायचं सोडून एक थांबा आधीच उतरत होते आणि मागच्या पायवाटेने घरी जात होते. वैनीला सांगितलं, चालणं बरं असतं. पन्नाशी उलटलेली बाई मी, शाळेच्या ऑफिसात अर्धं आयुष्य काढलं, आणि एका बंद शटरला भीत होते.

तुझ्याशी जन्मभर मालवणीत बोलले, पण लिहायला बसले की हात शाळेच्या मराठीतच चालतो. चालवून घे.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी मी यादी केली. तू हसला असतास. दाखला, रेशनकार्ड, गॅसचं नाव, कोणाकोणाला कळवायचं, भटजींनी सांगितलेलं सामान. एकेक काम होत गेलं तशी रेघ मारत गेले. शेवटी "दुकान उघडणे" असं होतं. ते रोज दुसऱ्या दिवसाच्या पानावर जात राहिलं. घरात कोणाला त्याचं विशेष वाटलं नाही. बहीण आहे, जीव धजत नसेल, असं सगळे समजले. जीव धजत नव्हता हे खरं. पण कशाला धजत नव्हता, ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तुला पहिल्यांदा सांगते.

तुझा कम्प्युटर सात मिनिटांनी उघडायचा. अंदाजाने म्हणत नाही, घड्याळ लावून पाहिलंय. सकाळी तू शटर वर करायचास, बटण दाबायचास आणि मागच्या खोलीत चहा ठेवायला वळायचास. बाकावर चार माणसं बसलेली असायची, कोणाला झेरॉक्स, कोणाला सातबाराचा उतारा, कोणाला फॉर्म भरून हवा. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एकेक चित्र उमटायला लागायचं. मग तू चहाचं भांडं हातात धरूनच दारात उभा राहायचास आणि गाऱ्हाण्याचा सूर लावायचास.

घरच्या कार्याला गाऱ्हाणं तूच घालायचास, बाबांच्या मागे. काम सुरू करण्याआधी सातेरी देवीपासून शिवेवरच्या राखणदार देवचारापर्यंत आणि पूर्वसांपर्यंत, म्हणजे आपल्या गेलेल्या माणसांपर्यंत, सगळ्यांची नावं घ्यायची, आणि प्रत्येक नावाला मागून आम्ही "होय म्हाराजा" म्हणायचं. एकही नाव सुटता कामा नये, हा तुझा कटाक्ष. ज्याला वगळलं तो रागावतो. तेच तू कम्प्युटरला लावलं होतंस. कोपऱ्यात चित्र आलं की तू नाव घ्यायचास आणि बाकावरची माणसं एकसुरात म्हणायची, होय म्हाराजा.

मला ते बघवायचं नाही. मी कितीदा सांगितलं होतं.

"भाई, हेतले निम्मे बंद कर. बटण दाबल्याबरोबर सगळे एकदम उठतत, म्हणान तो धापा टाकता."

"उठांदेत. तवसर चाय होता."

"दोन वर्सां झाली तो प्रिंटर भंगारात घातलंस. तेचो प्रोग्राम अजून कित्याक उठता?"

"तो पूर्वस, बाये. तेचा नाव घेवकच होया."

बाक हसायचा. शेवंती मावशी, जी काम असो नसो आठवड्यातून दोनदा त्या बाकावर असायचीच, ती मला वर विचारायची, "तुझ्या ऑफिसात सकाळी देवाक हात जोडतत काय थेट पगारच मागतत?" आणि मी रागाने पिशवी उचलून बस धरायची.

तो रविवार मला मिनिटामिनिटाने आठवतो. तू आणि वैनी तोंडवलीला तिच्या माहेरी सत्यनारायणाला गेला होतात. प्रवेशाचे फॉर्म न्यायला कोणीतरी येणार होतं म्हणून मला दुकानात बसवलंत. फॉर्म न्यायला माणूस आला आणि दहा मिनिटांत गेला. मग मी आणि तुझा कम्प्युटर.

आमच्या शाळेच्या कम्प्युटरच्या सरांनी मला हे शिकवलं होतं. टास्क मॅनेजर उघडायचा, त्यात स्टार्टअपची यादी असते, बटण दाबल्यावर आपोआप कोण कोण सुरू होतं ते त्यात दिसतं. नको त्यावर बोट ठेवायचं आणि बंद करायचं. प्रोग्राम जात नाही, फक्त आपण बोलावल्याशिवाय उठत नाही. ऑफिसातले तिन्ही कम्प्युटर मी असे सरळ केले होते. तुझ्या यादीत बावीस नावं होती. मी डायरीत तीन रकाने आखले. नाव, कशासाठी, चालू की बंद.

पाच ठेवली. व्हायरस रोखणारा, मराठी टायपिंगचा, आवाजाचा, चालू असलेल्या प्रिंटरचा आणि इंटरनेटचा. बाकीची एकेक करत गेले. मेलेल्या दोन प्रिंटरचे मदतनीस, कधी न वापरलेला स्कॅनर, गाण्यांचा, व्हिडिओ कॉलचा, बुद्धिबळाचा. प्रत्येकाला बंद करताना बरं वाटत होतं, कपाट आवरताना वाटतं तसं. सतरावं नाव राहिलं. एक छोटं पिवळं चित्र, पुढे इंग्रजी चार अक्षरं, बनवणाऱ्याचं नाव नाही. काय आहे ते कळेना. माझा हात थांबला होता, भाई. हे कबूल करायलाच हवं. तुला फोन करून विचारता आलं असतं. पण तू "नको" म्हणाला असतास आणि मग सगळंच राहिलं असतं. डायरीत मी "अनोळखी" असं लिहिलं, पुढे "बंद" लिहिलं, आणि बंद केलं.

पुन्हा सुरू करून पाहिला. पन्नास सेकंद. मी एकटीच खुर्चीत बसून हसले.

सोमवारी अकरा वाजून गेल्यावर तुझा फोन आला.

"काय गो, माझ्या कम्प्युटराक काय केलंस? बटण दाबलंय आणि चाय ठेवक वळलंय, तवसर हो उघडान तयार."

"मगे बरा झाला ना."

"बाकावरची माणसा माझ्या तोंडाकडे बघीत बसली. तेंका म्हणाकच काय उराक नाय."

"कामाक येतत ती, भजनाक नाय."

"कोणाकोणाक वगळलंस?"

"सतरा जणांक."

"तेंका इचारलंस? माका तरी इचारलंस?"

"भाई, ते देव नाय आसत. प्रोग्राम आसत."

मग म्हणालास, "तू यादी केली असतलंस. ती धाड माका."

धाडतंय म्हटलं. ऑफिसच्या खिडकीपुढे प्रवेशाची रांग होती. फोन ठेवला आणि डायरीत लिहिलं, "भाईला यादी पाठवणे." मंगळवारी ते बुधवारच्या पानावर गेलं. बुधवारी तुझा फोन येऊन गेला होता, मी उचलला नाही, रांग होती. गुरुवारी, शुक्रवारी, पुढच्या आठवड्यात, ते काम पानापानावर सरकत राहिलं. पानाचा फोटो काढून पाठवायला किती वेळ लागतो? मला लोक व्यवस्थित म्हणतात. अठरा दिवस मी एक पान पाठवलं नाही, आणि अठराव्या दिवशी सकाळी तू घरापुढच्या खळ्यात दात घासताना खाली बसलास तो उठला नाहीस.

डॉक्टरांनी विचारलं, प्रेशरच्या गोळ्या नियमित होत्या ना? वैनी म्हणाली, होत्या. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तुला प्रेशर आहे हेच मला माहीत नव्हतं. आधी त्याचाच राग आला. पाचव्या दिवशी त्या रागाची भीती झाली.

वैनी मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. माझ्याकडे न बघताच बोलली.

"तेच्या त्या कम्प्युटरात घंटा होती गो. साडेधा वाजले की गोळयेची घंटा. तेनाच घातल्यान. माका म्हणाक लागलो, तू फोन करू नको, चार माणसांदेखत लाज वाटता. हय घंटा आसा, ती सांगता."

"आणि वाजत होती ती?" मी विचारलं.

"वाजतच असतली. कम्प्युटर लावल्यार आपसूक चालू होय म्हणा होतो. ती बंद कशी पडतली?"

मी उठून विहिरीकडे गेले. घरात परत आल्यावर डायरी काढली आणि सतराव्या ओळीवर बोट ठेवलं. अनोळखी. बंद.

तेव्हापासून मला दुसरं काही सुचलं नाही. तुझ्या पिंडाला कावळा शिवला तेव्हा सगळे सुटल्यासारखे झाले, मी झाले नाही. मला वाटत होतं, तू सगळं माफ केलंस की अजून तुला कळलेलंच नाही? तू कम्प्युटरच्या त्या यादीत कधी जायचा नाहीस हे मला ठाऊक होतं. फॉर्म भरण्यात तुझा हात कोणी धरला नसता, पण सेटिंगचं नाव काढलं की म्हणायचास, "नको ता उघडलंस तर नको ता भायर येता." म्हणूनच तू माझी यादी मागितली होतीस. आणि ती माझ्या पर्समध्ये होती.

कामावर परत गेले तर तिथे आणखी वाईट. आमच्या शाळेची प्रार्थनेची घंटा साडेदहाला होते. इतकी वर्षं ती कानावरून जायची. आता दहा वाजले की सारखी घड्याळाकडे बघायला लागायचे. साडेदहाला शिपाई टोल द्यायचा आणि मी खुर्चीला धरून बसायची, टोल मोजत. एकदा मुख्याध्यापक म्हणाले, मॅडम, सुट्टी वाढवून घ्या. वाढवून काय करणार होते? घरी वैनी होती. तिने कुठल्याही क्षणी विचारलं असतं, बाये, तू त्या रविवारी दुकानात काय केलंस? तिने विचारलं नाही. तिला संशयही नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

आज सकाळी शेवंती मावशी खळ्यात येऊन उभी राहिली. तिचा पेन्शनचा अर्ज तू भरून ठेवला होतास, नुसता छापायचा राहिला होता, आणि उद्या तिला तो ऑफिसात द्यायचा आहे. "दुसरीकडे गेलंय असतंय," ती म्हणाली, "पण भाईन माझ्यासमोर एकेक अक्षर इचारून भरल्यान. आता परत दुसऱ्याक सगळा आयुष्य कोण सांगीत बसतला?"

वैनी आतून म्हणाली, "बाय उघडतली. तिच्याकडे चावी आसा."

सगळं इतकं साधं होतं. मी चप्पल घातली.

शटर मला एकटीने वर जाईना, मावशीनेच खालून टेकू दिला. आत सगळं जसंच्या तसं. गॅसवर चहाचं भांडं पालथं. खुर्चीच्या पाठीला तुझा टॉवेल. मावशी बाकावर आपल्या जागी बसली. दहा वाजून सहा मिनिटं झाली होती. मी बटणावर बोट ठेवलं आणि घड्याळ काढलं.

एकच गोष्ट मला कळायची होती. पन्नास सेकंदांत उघडला, तर माझी सतरा नावं बंदच राहिली होती, आणि अठरा दिवस तुझ्या दुकानात साडेदहा वाजता काही वाजलं नव्हतं. मग मला वैनीसमोर जाऊन ते सांगावं लागणार होतं, आणि त्यानंतर पुढे जगावं लागणार होतं.

तीस सेकंद. पडदा काळा. चाळीस. निळा झाला. पन्नास. माझे डोळे कोपऱ्यावर खिळले होते. साठ. काही नाही. आतला पंखा घरघरत होता. दीड मिनिट. मला वाटलं, इतके दिवस बंद होता म्हणून असेल. दोन मिनिटं.

"आज पण तसोच रेंगाळता," मावशी म्हणाली.

"तसोच म्हणजे?" मी वळले. "मावशी, मधी तो बेगीन उघडा होतो ना?"

"एक दिस. सोमवारी. तेच्या दुसऱ्या दिसापासून परत आपलो तसोच. भाई म्हणालो, सगळ्यांक परत बोलवून हाडलंय."

तेवढ्यात कोपऱ्यात पहिलं चित्र उमटलं. मेलेल्या प्रिंटरचं.

"होय म्हाराजा," मावशी म्हणाली. सवयीने म्हणाली, आणि मग तोंडावर हात धरून माझ्याकडे बघितलं. दुसरं चित्र आलं. तेव्हा मीच म्हटलं. आवाज नीट निघाला नाही, म्हणून तिसऱ्याला पुन्हा म्हटलं. मग आम्ही दोघी एकेकाला म्हणत गेलो. स्कॅनर आला, गाण्यांचा आला, बुद्धिबळाचा आला. किती वेळ ते चाललं होतं. मी आयुष्यात कधी इतक्या आनंदाने कशाची वाट पाहिली नाही, आणि इतक्या भीतीनेही नाही, कारण पिवळं चित्र अजून आलेलं नव्हतं.

ते सगळ्यांत शेवटी आलं.

मावशीचा अर्ज छापायला कागद शोधताना ड्रॉवर उघडला. वरच तुझा कागद होता. बिघडलेल्या फॉर्मच्या पाठीवर लिहायची तुझी सवय. उलटून बघितलं तर पुढे त्याच सोमवारची तारीख. आणि पाठीवर, भाई, तू यादी केली होतीस. जन्मात पहिल्यांदा. तुझ्या त्या आडव्यातिडव्या अक्षरात सतरा नावं, आणि नावापुढे खुणा. "जुनो प्रिंटर, पूर्वस." "दुसरो जुनो प्रिंटर, तोय पूर्वस." पिवळ्याच्या पुढे, "गोळयेची घंटा. हेका पयलो." त्याला तू पहिला उठवलास. माझी भीती खोटी नव्हती. मी खरंच तिला बंद केलं होतं. तुझ्या लक्षात आलं, तू त्या नको त्या जागी एकटा शिरलास, आणि एकेक करून सगळ्यांना परत उभं केलंस. एकाच्या पुढे फक्त फुली होती, कुठल्याशा जाहिराती दाखवणाऱ्याच्या. तिथे लिहिलं होतंस, "हो खयचो कोण जाणे. बायन काढल्यान ता बरा केल्यान."

सतरातलं एक मला दिलंस.

तू फोनवर घंटेचं बोलला का नाहीस, ते मला आता कळतं. बोलला असतास तर गोळ्यांचं कळलं असतं, आणि मी गोळ्यांचीही यादी केली असती. मला घाबरायचास तू. मी तुझी धाकटी बहीण, आणि तू मला घाबरून एक आजार लपवलास. बुधवारचा तो फोन कशाला केला होतास? सगळे परत आले हे सांगायला? की तेही नाही, सहजच? ते आता कोणाला विचारू?

साडेदहा वाजले आणि ती वाजली. देवळातल्यासारखी बारीक घंटा. पडद्याच्या मधोमध चौकट आली, त्यात तू लिहिलेलं, "गोळी घेतलंस? खोटा सांगा नको." खाली दोन बटणं. एक, झालं. दुसरं, दहा मिनिटांनी पुन्हा.

मी उठून माठातलं पाणी पेल्यात ओतलं आणि तुझ्या टेबलावर आणून ठेवलं, आणि मग थांबले.

"मावशी, घंटा झाली की गोळी घेय ना तो?"

मावशीने खरं सांगितलं. ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं असं मला वाटत नाही. "कधी घेवन मोकळो होय. कधी 'मगे' म्हणान दाबून टाकी आणि चाय ओतीत बसा."

ड्रॉवरात गोळ्यांची पट्टी होती. मी मोजल्या. नऊ उरल्या होत्या. कधी आणलेली पट्टी, आधीची कधी संपली, काहीच कुठे लिहिलेलं नाही. मोजून काही कळलं नाही. मोजून न कळलेली ही माझ्या आयुष्यातली पहिलीच गोष्ट असेल. घंटा वाजत होती एवढं मला कळलं. तू कुठलं बटण दाबत होतास ते मला कधीच कळणार नाही, आणि त्या भीतीसकट मला राहायचं आहे.

मावशी अर्ज घेऊन गेली. वैनीला आज संध्याकाळी सगळं सांगायचं आहे, त्या रविवारपासून. डायरीत लिहिलंय. ते उद्याच्या पानावर जाऊ देणार नाही. तुझी यादी होती तिथेच ठेवली आणि डायरीतलं माझं पान फाडून तिच्याखाली सरकवलं. उशीर झाला, पण पाठवली.

पुढच्या कार्याला गाऱ्हाणं कोण घालणार, कोणास ठाऊक. जो कोणी घालेल त्याला पूर्वसांत तुझं नाव घ्यायला मी सांगेन. होय म्हाराजा म्हणायला मी मागे उभी असेन.

चौकट अजून पडद्यावर होती. "झालं" दाबायला बोट उचललं, पण दाबवेना. दुसरं दाबलं. दहा मिनिटांनी ती पुन्हा वाजली, तेव्हा मी बाहेर येऊन शटर खाली ओढलं होतं. चावी हातात धरून उभी राहिले. घंटा थांबेपर्यंत कुलूप लावलं नाही.